सोमवारची खुर्ची

शालनमावशी कुणाशीही बोलायला लागली, की आधी त्या माणसाभोवती एक फेरी मारायची. समोरून हसायची, बाजूने विचारपूस करायची आणि मागे गेली की जरा वेळ गप्प व्हायची. मानेवरचे केस बघितल्याशिवाय माणूस पुरता भेटला असं तिला वाटतच नसे. रेशनच्या रांगेत पुढच्या बाईचा अंबाडा कुठल्या बाजूला झुकलाय ते पाहून तिचा कुठला हात दुखतोय ते ती सांगायची. वर त्या बाईला विचारून खात्रीही करून घ्यायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि त्या बाईची मात्र गाळण उडायची.

आमची पहिली भेटही अशीच झाली. माझ्या नवऱ्याला न्हावा शेवा बंदरात नोकरी लागली होती, मला पनवेलच्या प्राथमिक शाळेत. जुन्या पनवेलमध्ये आम्ही खोली बघायला गेलो. खाली वसंतकाकांचं केस कापायचं दुकान, त्याच्या मागे त्यांचं घर आणि वर भाड्याची खोली. मी काकांना पाण्याच्या वेळा विचारत होते, तर पाठीमागून आवाज आला, "वेणी फार आवळून घालतेस गं. सकाळी घाई होते का?" वळून बघितलं तर पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याएवढा अंबाडा घातलेली बाई. "पाणी सकाळी पाऊण तास येतं," ती म्हणाली. "तुम्हा दोघांना पुरेल. तुझ्या केसांना पुरायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

मावशी कात्री चालवायला कुठे शिकली नव्हती. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक फुलाफुलांचा पडदा होता. त्याच्या फटीतून वीस वर्षं नवऱ्याचे हात बघून तिने विद्या मिळवली आणि तिचे प्रयोग शिवणाच्या कात्रीने मुलीवर, म्हणजे लतावर केले. लताचे शाळेतले सगळे फोटो म्हणजे मावशीच्या प्रगतीचा आलेख होता. पहिलीतल्या फोटोत पोर घाबरलेली दिसते, सातवीतल्या फोटोत चक्क सुंदर.

तिचं पहिलं खरं गिऱ्हाईक हिराबाई. उरणकडची ही साठीची कोळीण आमच्या आळीत दारोदार मासे विकायची. टायफॉइडमधून उठली तेव्हा तिचे केस पुंजक्यापुंजक्याने गळायला लागले होते. एक दिवस तिने पाटी मागच्या दारात उतरवली आणि डोक्यावरचा पदर मागे टाकला. "शालन, काप गो सगला. परवा एका मास्तरणीच्या पापलेटात माजा केस निंगला. धंदा बसंल माजा." ती मास्तरीण मीच. मी तेव्हा तिथेच उभी होते आणि मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मावशीने दुकानातली कात्री घेतली नाही. लताला बाजारात पिटाळून नवी आणवली. याला कारण होतं. काकांच्या घरात एक शपथ होती. तिच्यामागची हकीकत मला पुढे त्यांनीच सांगितली, पण ती कळल्याशिवाय या बाईचं मोठेपण कळायचं नाही, म्हणून आत्ताच सांगते. काकांचे आजोबा कोकणातल्या एका गावात घरोघरी जाऊन काम करत. एकदा त्यांना एका घराच्या मागच्या दाराने बोलावलं. घरात मयत होऊन दहा दिवस झाले होते. समोर तेरा-चौदा वर्षांची विधवा मुलगी आणून बसवली. तिला कुणी काही विचारलं नाही, आजोबांनाही नाही. त्यांनी काम केलं, घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी देवासमोर म्हणाले, "आपल्या घरचं हत्यार बाईच्या डोक्याला लागणार नाही." मग गाव सोडून ते पनवेलला आले. तेव्हापासून त्या घरात जो मुलगा पहिल्यांदा वस्तरा हातात घेई, त्याला समईसमोर हे वाक्य म्हणावं लागे. काकांनी ते चौदाव्या वर्षी म्हटलं होतं.

मावशीला या शपथेबद्दल फार आदर होता. म्हणून तर तिने नवी कात्री आणली. "ही घरची नाही, माझी. सोमवारी खुर्ची तेवढी लागेल," तिने काकांना सांगितलं. पुढच्या सोमवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते सुकापूरला भावाकडे निघून गेले. त्यानंतर प्रत्येक सोमवारी गेले. आपल्या दुकानात काय चालतं ते बघायचं नाही, ऐकायचं नाही आणि त्यावरून भांडायचंही नाही, असा त्यांचा मार्ग. मंगळवारी सकाळी खुर्चीखाली एखादा हातभर लांब पांढरा केस सापडला, तर तो उचलून ते बाहेर टाकत आणि दोन वेळा हात धूत. मावशी हे पडद्याच्या फटीतून बघायची.

सोमवारी शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं आणि बायका वाकून आत शिरायच्या. नवीन पनवेलच्या सोसायट्यांमधल्या, पोस्टाच्या रांगेत मावशीने मागून हेरलेल्या, मुलांची लग्नं उरकलेल्या. नवीन ब्युटी पार्लरमध्ये जायची त्यांना लाज वाटायची, कारण तिथे सगळ्या लग्न ठरलेल्या मुली. "सोमवारी केस कापू नयेत म्हणतात हो," कुणीतरी हटकून म्हणायचं. "म्हणूनच खुर्ची रिकामी मिळते. बसा," मावशी म्हणायची.

पन्नाशी-साठीच्या बायका केस का कापतात, हे मी शाळा सुटल्यावर त्या दुकानात, कोपऱ्यात वह्या तपासत बसून ऐकलं. एकीला पाऊण तासाच्या पाण्यात नहाणं उरकत नव्हतं. एकीची मान धरायची. एकीचे केस इतके विरळ झाले होते, की वेणी घातली की तिला स्वतःचीच कीव यायची, आणि आखूड केल्यावर तेच केस दाट दिसायला लागले. एक म्हणाली, "चाळीस वर्षं तेल, शिकेकाई, मेंदी, गजरा. आता मला सकाळी ती वीस मिनिटं पेपर वाचायला हवीत." मावशीला हे कारण सगळ्यांत आवडलं होतं. ती म्हणायची, "तरुणपणी केस बघणाऱ्यांसाठी असतात गं. मग कधीतरी बाईच्या लक्षात येतं, की धुतो तर आपणच."

पण येईल तिचे केस ती कापत नसे. कुणी म्हणालं, "ह्यांनी परवानगी दिली," की ती गंभीरपणे विचारायची, "का? त्यांची मान दुखते का?" एकदा एक बाई सुनेशी भांडून तरातरा आली आणि म्हणाली, "टाक कापून." मावशीने तिला चहा दिला, सुरेख वेणी घालून दिली आणि घरी पाठवलं. "रागात कापलेले केस परत वाढेपर्यंत राग धरून ठेवावा लागतो," ती मला म्हणाली. मीही एकदा बसले होते त्या खुर्चीत, तिशीत, मैत्रिणीचा बॉबकट बघून. तिने माझ्यामागे उभं राहून शेपटा हातात तोलला आणि मला उठवलं. "तुला कंटाळा आलाय. कंटाळ्यावर उपाय म्हणून दोन दिवस माहेरी जा."

आणि अशा या बाईचा खांदा धरला. दर सोमवारी दिवसभर हात वर करून काम केल्याचं ते फळ. उजवा हात कानाच्या वर जाईना. लता कॉलेजला जायच्या आधी तिचा अंबाडा घालून द्यायची, घाईघाईने, चार पिना खुपसून. ज्या बाईने जगाचे अंबाडे निरखले तिचा स्वतःचा अंबाडा दुपारपर्यंत खांद्यावर लोंबायला लागायचा. "दुसऱ्याने केस बांधेपर्यंत देवळातल्या मूर्तीसारखं बसून राहायचं," ती चिडून म्हणायची. तिला केस कापायचे होते, हे उघड होतं. मी म्हटलं, पार्लरमध्ये नेते. हिराबाई म्हणाली, मी कापते, मच्छी कापते तशी. मावशीने दोघींना उडवून लावलं.

"माझे केस हेच कापतील," तिने सांगितलं. "नाहीतर राहू देत."

"मावशी, त्यांची शपथ आहे."

"म्हणूनच. इतक्या बायका माझ्या हाताखालून गेल्या, हसत गेल्या. पण हा माणूस सोमवारी रात्री माझ्या हातचं जेवताना माझ्या हाताकडे बघत नाही. त्याला वाटतं, त्याच्या आजोबांनी टाकलेलं काम मी उचललं. तसं नाही हे त्याला पटल्याशिवाय केस कापून मला काय सुख?"

मी तावातावाने काकांकडे गेले. शपथेची हकीकत मला तेव्हाच कळली. ती ऐकल्यावर माझा ताव उतरला. काका कात्री पुसत होते. "तू शिकलेली आहेस," ते म्हणाले. "मला सांग, मी काय करू?" मी जिना चढून वर खोलीत आले. असे आठ-नऊ महिने गेले.

दिवाळीच्या सुट्टीतला सोमवार होता. काका सुकापूरला गेले होते, पण भावाचं घरदार गावाला गेलेलं, दाराला कुलूप. ते अकराच्या सुमाराला परत आले आणि शटरखालून वाकून आत शिरले. आत मी, लता, मावशी आणि नुकतीच केस कापून उठलेली हिराबाई. आमचं कशावरून तरी हसणं चाललं होतं. काका दिसले आणि सगळ्या चिडीचूप झालो. हिराबाई तेवढी गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"वसंता, बग रं. कशी दिसते मी?"

काकांनी मान खाली घातली. मग वर केली. मग ते नकळत तिच्या मागे गेले. मावशीचा हात वर जात नसल्यामुळे त्या दिवशीचं काम बिघडलं होतं, ते मलासुद्धा दिसत होतं. काकांच्या कपाळाला आठी पडली. "डावीकडे बोटभर खाली आलंय," ते म्हणाले. त्यांच्या दुकानातून आजवर असं वाकडं डोकं बाहेर पडलं नव्हतं.

"मंग कर ना सरल. उबा काय?"

"आमच्या घरात बाईच्या डोक्याला—"

"ठावं हाय मला तुमची शप्पत. आमी काय परके हाव? त्या पोरीला कोनी इचारलं नवतं. मी सोता सांगते तुला. हाय का नाय फरक?"

काकांचा हात फळीवरच्या कात्रीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात मावशी पुढे झाली आणि खुर्चीत बसली.

"थांबा," ती म्हणाली. "मोडायचीच असेल तर माझ्यापासून मोडा. पाप लागलं तर घरातल्या घरात राहील."

काका तिच्या मागे उभे राहिले. त्यांनी एकेक पीन काढून फळीवर ठेवली, अंबाडा सोडला. केस खुर्चीच्या खालपर्यंत आले. ते कितीतरी वेळ नुसते विंचरत राहिले. मग आयुष्यात हजारो पुरुषांना विचारलं असेल ते त्यांनी बायकोला विचारलं.

"किती ठेवू?"

बहुधा त्यांनाच त्या क्षणी कळलं, की आजोबांना हे विचारता आलं नव्हतं. मावशीने डोळे मिटले. "मानेला वारा लागला पाहिजे," ती म्हणाली.

काकांनी तासभर लावला. नवरदेवाचेसुद्धा त्यांनी इतक्या निगुतीने कापले नसतील. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात कामात असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. मी रडत होते, लता रडत होती. मावशी एकटी मिटल्या डोळ्यांनी हसत होती. शेवटी हिराबाई ओरडली, "अरे, माजी डावी बाजू र्‍हायली ना!" तेव्हा कुठे सगळे हसलो. काकांनी तिचीही बाजू सरळ करून दिली, आणि त्याआधी तिलाही विचारलं.

त्यानंतर काकांचं सोमवारचं सुकापूर बंद झालं. पुढून मावशी कापायची, मागून काका. मावशीच्या सडेतोड सूचना आणि काकांचं पुटपुटणं ऐकायला बायका लांबून यायच्या. आखूड केसांत मावशी दहा वर्षांनी लहान दिसायची, आणि हे तिला कुणी सांगितलं तर म्हणायची, "दिसू दे. झोप तर वेळेवर लागते."

आमची बदली व्हायच्या थोडं आधी लताने पार्लरचा कोर्स पुरा केला. ती दुकानात पहिल्यांदा कामाला उभी राहणार, त्या सकाळी काकांनी समई लावली आणि मला वरून बोलावून घेतलं. त्या घरात मुलीने शपथ घ्यायची ही पहिलीच वेळ. काका सांगत गेले, लता म्हणत गेली, "आपल्या घरचं हत्यार बाईच्या डोक्याला तिला विचारल्याशिवाय लागणार नाही."

मी मावशीकडे बघितलं. मधले दोन शब्द तिच्याही लक्षात आले होते. तिने पदराने डोळे टिपले, समईची वात जराशी पुढे सारली आणि म्हणाली, "आजेसासऱ्यांना हेच म्हणायचं असणार. रडण्याच्या भरात राहून गेलं."