दोन वाजून बारा मिनिटांचा निरोप

रविवारची दुपार आहे. पंखा तीनवर ठेवून मी पडले आहे. डोळे मिटले तरी लॅपटॉपचा चौकोन पापण्यांच्या आत हिरवट दिसत राहतो. आमच्या दातार सरांनी तयार केलेला अपघाताचा अहवाल मला तपासून पाच वाजेपर्यंत पाठवायचा आहे. वीस मिनिटं झोपायचं असं ठरवलं आहे आणि पेन डाव्या हातातच आहे, कारण छापील प्रतीवर खुणा करता करता मी चौथ्या परिच्छेदापाशी अडले. त्यात दोनच वाक्यं आहेत : 'दुपारी २:१२ वाजता इशारा यशस्वीपणे पोहोचला होता. ऑपरेटरने त्याकडे दुर्लक्ष करून मास्कशिवाय यंत्रखोलीत प्रवेश केला.'

पंख्याचा आवाज जड होत जातो. त्यात एक ठोका मिसळतो, मग दुसरा. आता तो कॉम्प्रेसरचा आवाज आहे आणि माझ्या पायथ्याशी आप्पासो मामा बसले आहेत.

आप्पासो कोळेकर. तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बावीस वर्षं ऑपरेटर होते. जाऊन दहा दिवस झाले. हे मला स्वप्नातही माहीत आहे, खोली थंड आहे हे अंगाला कळतं तसं.

"काय मॅडम, झोपलीस व्हय?" ते विचारतात.

"नाही मामा. नुसती पडलेय."

"मग चल की. मशीन बघून येऊ."

मी उठते. माझ्या खोलीचं दार उघडलं की कॉलेजची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा लागते. तेच काळे ओटे, त्याच गंज चढलेल्या खुर्च्या. ओट्यांवर मात्र बेदाण्याचे खोके रचलेले आहेत, छतापर्यंत. मामा एका खोक्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "ते काय म्हणतीस तू? हूक?"

"वेबहूक."

"सांग पुन्हा. त्या दिवशी गडबडीत सांगितलं हुतंस."

मी सांगते. परीक्षेत सांगतात तसं, पायरी पायरीने. यंत्रखोलीत सेन्सर आहे. गारठ्यासाठी यंत्रात असतो तो विषारी अमोनिया हवेत वाढला की सेन्सर आमच्या सर्व्हरला कळवतो. सर्व्हर स्वतःहून एका पत्त्यावर निरोप ढकलतो, तोच वेबहूक. त्या पत्त्यावरून पुढे गेटचा भोंगा वाजतो, मालकाचा फोन वाजतो, तुमचा फोन वाजतो. पत्त्याकडून 'मिळालं' असं उत्तर आलं, की सर्व्हर निरोप पोहोचला अशी नोंद करतो आणि गप्प बसतो.

"आणि न्हाई मिळालं तर?"

"तर पुन्हा पाठवतो. पाच वेळा."

"झ्याक," मामा म्हणतात. मी सेन्सर बसवायला गेले होते तेव्हाही ते असंच म्हणाले होते. मालक बाहेर गेल्यावर मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, "मॅडम, कुणाला बोलू नगंस. माझं नाक गेलंय. बावीस वर्सं हा वास घेतोय, आता काय कळंना झालंय. मालकाला समजलं तर घरी बसवंल." मी म्हणाले होते, काळजी करू नका, आता नाकाचं काम फोन करेल.

प्रयोगशाळेत गारठा वाढतो. मामा तळहात उघडून बघतात. गेजवरचं प्रेशर ते नेहमी तळहातावर लिहीत, रजिस्टर दमट होतं म्हणून. आज तळहात कोरा आहे.

"सख्यानं हाक मारली की मी काय करायचो, ठावं हाय?" सख्या म्हणजे त्यांचा हेल्पर, पन्नाशीचा.

"ओ म्हणायचात."

"नुसतं ओ न्हाई. त्यो वरनं वरडायचा, तीन नंबर बंद कर. मी म्हणायचो, ओ, तीन नंबर बंद करतो. नुसतं ओ म्हटलं की आईवरनं शिव्या घालायचा. मशीनच्या आवाजात माणूस कशालाबी ओ म्हणतंय."

हेही त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं होतं. मी हसले होते.

आम्ही खोक्यांच्या मधून चालतो आणि सांगलीच्या एसटी स्टँडवर येतो. चौकशीच्या खिडकीपुढे रांग आहे. रांगेत माणसं नाहीत, कागद उभे आहेत, हातभर उंचीचे. एकेक कागद खिडकीशी जातो. आतला कारकून मान वर न करता म्हणतो, "मिळालं." कागद बाजूच्या टोपलीत पडतो. "मिळालं." पुढचा. "मिळालं." टोपली भरून ओसंडते आहे. फलाटावर गाडी नाही. भोंगा टांगलेला आहे, त्यात पाकोळीने घरटं केलं आहे.

"ह्यो इमानदार दिसतोय," मामा म्हणतात. "दमत न्हाई."

कारकुनाच्या डाव्या हातात पेन आहे. मी जवळ जात नाही. मला माहीत आहे खिडकीत कोण बसलं आहे.

"मामा, तो चाचणीचा पत्ता आहे."

"म्हंजे?"

"निरोप नीट सुटतो का हे बघायला मी केलेला. त्याला काहीही पाठवलं तरी तो मिळालं म्हणतो. त्याच्यापुढे कुणी नाही. भोंगा नाही, फोन नाही."

"मग माझा निरोप तिकडं कशाला गेला?"

त्यांच्या आवाजात राग नाही. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"त्या दिवशी तुम्ही मशीनमध्ये गॅस भरत होता, थोडा हवेत सुटत होता," मी म्हणते. "भोंगा दर दोन मिनिटांनी वाजत होता. मालकांचा मुलगा ओरडत होता, गिऱ्हाइकं बसलीत, बंद करा ते बोंबलणं. म्हणून मी पत्ता बदलला. दोन तासांसाठी. मग खाली गाडी हॉर्न द्यायला लागली, पुढची साइट पलूसला होती."

"आणि?"

"आणि अकरा आठवडे झाले."

कागद पडत राहतात. मिळालं. मिळालं. अकरा आठवडे स्क्रीनवर हिरवा ठिपका होता. मी रोज सकाळी तो बघत होते. ज्याने कधीच चूक दाखवली नाही त्या उपकरणावर संशय घ्यायचा, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

"दोन बाराला निरोप निघाला," मी म्हणते. "तुम्ही दोन एकतीसला दार उघडलंत."

"भाकरी खात हुतो. फोन म्होरंच ठेवला हुता, भाकरीच्या फडक्यावर. तू म्हणलीवतीस न्हवं, वाजंल म्हणून."

आता आम्ही त्यांच्या घरच्या ओट्यावर आहोत. दिवसकार्याला आलेल्या लोकांच्या चपला दारात आहेत. त्यांच्या बायको सुशीलामावशी भिंतीला टेकून बसल्या आहेत आणि मला विचारत आहेत, खरंच विचारलं होतं तसंच, "गावात म्हनत्यात, फोन वाजला तरी ह्यांनी बघितला न्हाई. खरंच निरोप आला हुता का गं?" आणि मी म्हणते आहे, "बघते मी, मावशी."

"काय बघितलंस?" मामा विचारतात.

मी दारातल्या चपला मोजायला लागते.

"सांग की."

"तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी मी पत्ता बदलून बरोबर केला. आता उघडून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. दातार सरांनी जुन्या नोंदीत फक्त 'पोहोचला' एवढंच वाचलं. पत्ता कुणी वाचत नाही. लांबलचक असतो."

चपलांच्या खालून पांढरं धुकं सरपटत येतं. मला त्याचा वास येत नाही. मी जोरात श्वास घेते, तरी येत नाही.

"मामा, मला वास येत नाहीये."

"मलाबी येत नव्हता," ते म्हणतात. "दे हात."

"कुठला?"

"डावरी हाईस न्हवं? डावा दे. कामाचा हाय त्यो."

ते माझ्या बोटांतून पेन काढून घेतात. त्यांची बोटं बर्फाच्या लादीसारखी आहेत, कातडीला चिकटतात. ते वाकून, जपून लिहितात. गेजकडे बघतात तसे मान तिरकी करून.

"आता म्हण."

"ओ, मामा."

"नुसतं ओ नगं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढतो. "काय ऐकलंस ते परत सांग!"

मी तोंड उघडते. धुकं गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत येतं. त्यात त्यांचा चेहरा आधी जातो आणि हात सगळ्यांत शेवटी. कॉम्प्रेसरचे ठोके सुटे होत होत पंख्याची पाती होतात.

चार वाजून सहा मिनिटं झाली आहेत. उशी गालाखाली ओली आहे. अहवालाची प्रत खाली पडली आहे, चौथ्या परिच्छेदावर माझ्या टाचेचा ठसा. दातार सरांचा मेसेज आहे : 'पाठव गं, मालक वाट बघतायत.'

माझ्या डाव्या तळहातावर निळ्या शाईत लिहिलं आहे : २:१२. त्याखाली, चाचणी.

मी नीट तपासते. शाई माझ्याच पेनाची आहे. झोपेत माणसं चालतात, बोलतात, तेव्हा लिहीतही असतील. पण मी डावखुरी आहे. डाव्या तळहातावर लिहायला मला उजवा हात वापरावा लागेल आणि उजव्या हाताने मला सहीसुद्धा जमत नाही. अक्षरं वाकडी आहेत, पण जपून काढलेली. पेन उजव्या मुठीत आहे.

मी हात धूत नाही. लॅपटॉप उघडते, चौथा परिच्छेद पुसते आणि डावा तळहात उघडा ठेवून, फक्त उजव्या हाताने एकेक अक्षर शोधत, लिहायला लागते : 'दुपारी २:१२ चा इशारा आप्पासो कोळेकर यांच्यापर्यंत पोहोचला नाही. तो चाचणीच्या पत्त्यावर गेला. तो पत्ता मी घातला होता.'