डावीकडचा ब्रेक

बासष्टाव्या वर्षीही माणसाला सगळे 'बाळ' म्हणत असतील, तर तो काही त्या माणसाचा दोष नव्हे. मुलुंडच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये मालकापासून कालच फॉर्म भरलेल्या मुलीपर्यंत सगळे बाळ परबांना बाळ सर म्हणत. सत्तावीस वर्षं ते शिकाऊ गाडीत डाव्या सीटवर बसले. त्या सीटच्या पुढ्यात एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा पाय चुकला की तो शिकवणाऱ्याने दाबायचा. अर्धं मुलुंड गाडी शिकलं ते बाळ सरांच्या उजव्या पायाच्या जिवावर, आणि त्यातल्या बहुतेकांना ते कळलंही नाही. कारण सर ओरडत नसत, गुपचूप दाबत. शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली. सर म्हणायचे, वाटू दे, त्याने हिंमत येते.

एका बाबतीत मात्र ते महाहट्टी. सिग्नल लाल झाला की गाडी न्यूट्रल करायची आणि हॅण्डब्रेक खेचायचा. आता मुंबईत हे कोण करतं? सगळे ब्रेकवर पाय ठेवून मोबाइल बघतात आणि हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न मारतात. पोरं कुरकुरायची, "सर, हॅण्डब्रेक सोडेपर्यंत मागचा शिव्या घालतो ना!"

"घालू दे. शिव्यांनी कोण मरत नाय. पाय दमतो रे, दोन मिनिटांत विसरतो कुठे आहे ते. हॅण्डब्रेक विसरत नाय."

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी सर भांडुपला घरी आले, चाळीचा जिना चढून दारात उभे राहिले, तर त्यांच्या पत्नी सुनंदाकाकू त्यांच्या पायांकडे बघतच राहिल्या.

"अहो, तुमची एक चप्पल खंय?"

"खंय म्हंजे? पायात आसा."

नव्हती. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल खाली दुसऱ्या पायरीवर पडलेली सापडली. पायातून चप्पल निघून गेली, तो पाय सिमेंटच्या वीस पायऱ्या चढला आणि माणसाला पत्ता नाही! साखरेचा आजार पंधरा वर्षांचा जुना. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून तळव्याला दोऱ्यासारखं काहीतरी टेकवलं आणि म्हणाले, लागलं की सांगा. सरांनी अंदाजाने तीनदा "हो" म्हटलं. डॉक्टरांनी टेकवलं होतं दहादा.

"गाडी चालवता का?"

"नाही, शिकवतो," सर म्हणाले. यात खोटं काही नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि सरांना ते चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पट्ट्याच्या सॅण्डल आणल्या, म्हणजे निसटायला नकोत. भीती मात्र निसटेना. गिरणी बंद पडल्यावर वडील ओटीवर नुसते बसून असत, तसं बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. तो पाय गेला तर आपण कोण?

असे तीनेक महिने गेले, आणि सुलक्षणा देवधर शिकायला आल्या. वय चौपन्न, बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. यजमानांचं, मधुकररावांचं, डावं अंग लुळं पडलेलं. आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी न्यायचं, आणि रिक्षावाले नुसता वॉकर बघून पुढे निघून जात. सोसायटीत त्यांची गाडी दोन वर्षं कव्हराखाली उभी होती. बाई गाडीला घाबरत, पण सांगितलेलं त्या विसरत नसत. हॅण्डब्रेकचा धडा मनापासून गिरवणारी विद्यार्थिनी सरांना बऱ्याच वर्षांनी भेटली होती.

पंधराव्या दिवशी डोंगराकडून एल.बी.एस. रोडला येणाऱ्या उतारावर सिग्नल लागला. बाईंनी गाडी थांबवली, हॅण्डब्रेक खेचला. मागच्या रिक्षाने हॉर्नचा धोशा लावला. सिग्नल लालच होता, पण बाई बावरल्या. त्यांनी हॅण्डब्रेक खाली केला, आणि पुढची तयारी म्हणून ब्रेकवरचा पायही उचलला. गाडी उतारावर सरकू लागली. समोर झेब्रावरून एक म्हातारी पिशवी घेऊन चाललेली.

सरांनी ब्रेक दाबला. गाडी थांबेना. अजून जोरात दाबला. ब्रेक फेल, त्यांच्या मनात आलं. म्हातारीने घाबरून बॉनेटवर हात टेकवला.

कर्र.

गाडी थांबली. हॅण्डब्रेकवरचा हात बाईंनी काढलाच नव्हता, तो ब्रेक त्यांनी परत खेचला होता.

"डोळे फुटले काय गो तुझे?" म्हातारीने बॉनेटवर एक थाप मारली आणि ती पुढे गेली. सरांनी खाली पाहिलं. त्यांची पट्ट्याची सॅण्डल ब्रेकच्या शेजारी, नुसत्या मॅटवर, जीव खाऊन दाबलेली होती.

सिग्नल सुटल्यावर गाडी कशीबशी कडेला घेतली. बाई रडत होत्या.

"नाही सर, मला नाही जमणार. हॅण्डब्रेक मी नुसता घाबरून ओढला, तुम्ही ब्रेक दाबलात म्हणून ती बाई वाचली. एकटी असते तर? उद्यापासून नाही येत मी."

आता नुसतं गप्प बसायचं होतं. बाई घरी गेल्या असत्या, गाडी पुन्हा कव्हराखाली गेली असती आणि बाळ सर डाव्या सीटवर राहिले असते.

"मी ब्रेक दाबलाच नाय, बाई."

"म्हणजे?"

"पायाला कळत नाय माझ्या. चार महिने झाले. मी मॅट दाबत होतो. गाडी तुम्ही थांबवलीत."

बाईंचं रडं थांबलं.

"आणि तुम्ही रोज असेच माझ्या शेजारी बसत होतात?"

"हो."

"ती बाई मेली असती, सर!"

"हो."

बाईंनी डोळे पुसले, चष्मा पुसला.

"दुसरं कोणी आहे का तुमच्याकडे? बोलवा त्यांना. क्लास पुरा करायचाय मला. ह्यांना मीच नेणार."

सरांनी भीमराजला फोन केला. तो स्कूलमधला धाकटा मास्तर, सरांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याला फोनवरच सगळं सांगितलं, मालकालाही सांगितलं. वीस मिनिटांत भीमराज रिक्षाने आला. सरांनीच डावं दार उघडून धरलं.

"बस. उतारावर सांभाळ."

आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ते मागच्या सीटवर बसले.

वळसा घालून गाडी पुन्हा त्याच उतारावर आली. सिग्नल लाल होता. बाईंनी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, हॅण्डब्रेक खेचला. मागून कुणीतरी हॉर्न मारला. या खेपेला त्यांनी तो ऐकला आणि सोडून दिला.

सरांनी खाली पाहिलं. मागच्या सीटपुढच्या मॅटवर त्यांचा उजवा पाय पूर्ण जोर लावून दाबलेला होता. कधी दाबला, त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि तो पाय मागे घेतला.