निवलेल्या पाण्याचा चहा

आई गाव सोडून माझ्याकडे पनवेलला यायला निघाली, त्या सकाळी जीप दारात येऊन उभी होती आणि आई अजून चहा पीत होती. घरचा झाला होता, शेजारच्या काकूंचा झाला होता, आता समोरच्या अंगणात तिला खुर्ची देऊन बसवलं होतं. कृष्णेकाठच्या आमच्या गावात निघालेल्या माणसाला चहाशिवाय जाऊ देत नाहीत, आणि उसाचा मुलूख असल्यामुळे त्या चहात साखर इतकी असते की कप बशीला चिकटतो. आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. जखम भरत नव्हती. साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा, आणि वेळ आली तर पाऊलसुद्धा काढावं लागेल, असं कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी ती पीत होती. मी डोळे वटारले तर म्हणाली, "मानसं प्रेमानं देत्यात. न्हाई कसं म्हनू?"

म्हणून तर तिला आणायचं होतं. गावात तिला कुणी उपाशी ठेवत नव्हतं, हीच अडचण होती. दादाच्या घरी दिवसभर येणंजाणं, आणि येणाऱ्या प्रत्येकाबरोबर तिचा अर्धा कप. वहिनीने पिशवीत गुळाची लहान ढेप घातली आणि माझ्या कानात सांगितलं, "गूळ चालतोय म्हनत्यात. साखर नको, पन गूळ चालतोय." आई मात्र जीपच्या दाराला धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लेकीच्या दारात ऱ्हायला न्हाई चालले. पाय बरा झाला की ह्याच पायांनी परत येनार हाय."

मी स्वतः गाव सोडलं होतं त्याच्या कितीतरी आधी. खारघरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली, आणि राहायला जुन्या पनवेलमध्ये दोन खोल्या. निघताना वडील म्हणाले होते, "पुस्तकात बसशील, बस. पण दारात माणूस आलं की पुस्तक मिटत जा." माझ्याकडे फार माणसं येत नसत. सोबतीची सवय माझी सुटली होती, आणि ती सुटली आहे हेही मला कळलं नव्हतं.

पहिल्या सकाळी मी आईला बिनसाखरेचा चहा दिला. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि लुगडी पिशवीत भरायला लागली. मला आधी कळेना. मग आठवलं. आमच्याकडे नको असलेल्या पाहुण्यालाच तसा चहा देतात. साखर संपलीय म्हणायचं, कोरडं हसायचं, पाहुणा समजून उठतो. माझी आजी हे फार सफाईने करायची, आणि आईने ते वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं.

"जड झाली आसंल तर तसं सांग की गं," आई म्हणाली. "दादाला बोलावते. चहात कशाला आनतीस?"

त्या दिवसापासून मी साखरेला पर्याय शोधायला लागले. औषधाच्या दुकानातून छोट्या गोड गोळ्यांची डबी आणली. आईचा चहा म्हणजे पातेल्यात सगळं एकदम घालून खळखळा उकळायचं. तिने गोळ्याही त्यातच टाकल्या. चहा गोड होईना, म्हणून आणखी टाकल्या. शेवटी दुकानदाराने सांगितलं की या गोळ्या उकळल्या की त्यांचा गोडवा जातो, त्या वरून घालायच्या. वरून घातल्या तर आई म्हणाली, जिभेच्या मागं पितळेची वाटी चाटल्यासारखं लागतंय. मग उकळीला टिकणारी पावडर आणली. ती बरी होती, पण इतकीशी चिमूट पुरते यावर तिचा विश्वासच बसेना. साखर घालायची तर चमचा भरून घालायची, त्याशिवाय दिल्यासारखं वाटत नाही. पळस्प्याच्या बाजूच्या एका नर्सरीतून गोड पानांचं रोपही आणलं. ते तिने कौतुकाने तुळशीशेजारी ठेवलं, पान चघळून पाहिलं आणि म्हणाली, "ज्येष्ठमध हाय ह्यो. माझा काय खोकला न्हाई."

समोरच्या दारात हमीदाबाई राहत. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, पनवेलच्याच, साखरेचं दुखणं त्यांनाही जुनं. त्यांचे भाऊ जहाजावर नोकरीला होते, ते पूर्वेकडच्या बंदरांतून हिरव्या चहाचे डबे आणत. त्यातला एक त्यांनी आईला दिला. मला वाटलं, सुटलो. हा चहा दूध मागत नाही आणि साखरही मागत नाही.

पण आईने त्याचा काढा केला. आमच्याकडे हिरवं पान म्हणजे काढा, आणि काढा म्हणजे अर्धा आटेपर्यंत उकळणं. गवती चहा, आलं, वर मूठभर ती पानं. असा कडू झाला की तोंड वाकडं व्हावं. मग कडूपणा मोडायला तिने वहिनीच्या ढेपेतला गूळ घातला. औषध आहे आणि गूळ चालतो, म्हणून दिवसातून तीन-तीनदा भक्तिभावाने प्यायली. मी कॉलेजात असे. पुढच्या तपासणीला साखर आधीपेक्षा चढलेली निघाली. डॉक्टर तिच्यावर रागावले, माझ्यावर जास्त. "गूळ म्हणजे साखरच, आजी," ते म्हणाले. परतताना रिक्षात आई पट्टीकडे बघत बसली होती. गावाहून निघाल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता. "ह्यो पाय गेला तर मी कुनाच्या दारात बसू गं?"

माझ्या दारात, असं म्हटलं असतं तर ते तिला पटलं नसतं. मी तिच्या पायाखाली माझी पिशवी सरकवली.

हमीदाबाईंना कळलं तशा त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात आल्या. पातेल्यातला काळपट काढा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"या खुदा! ताई, हे काय केलंत? पानं आहेत ती, कपडे नाहीत उकळायला."

"मग पिकायची कशी, बाई?"

"पिकवायचीच नाहीत. पाणी उकळा, गॅस बंद करा आणि जरा निवू द्या. मग पानं."

"निवू द्यायचं म्हंजी किती?"

हमीदाबाई विचारात पडल्या. मग गॅलरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुळशीला पाणी घालून या. तुम्ही आलात की पाणी तयार."

आई गेली, आली. चिमूटभर पानं टाकली, झाकण ठेवलं. कप धुवून पुसेपर्यंत थांबायचं आणि लगेच गाळायचं, असं बाईंनी बजावलं. गाळलेला चहा फिक्या सोनेरी रंगाचा होता आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास त्याला येत होता. आईने फुंकर घालून घोट घेतला.

"कडू न्हाई," ती नवलाने म्हणाली. मग बाईंकडे वळून, "पन ह्याला चहा का म्हनायचं?"

"मग काय म्हणता?"

"पाहुन्याला देऊ नगा म्हंजी झालं. पळून जाईल."

दोघी हसल्या. माझ्या घरात इतक्या मोठ्याने कुणी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

आता वाटतं, त्या चहाचं खरं काम हेच होतं. दुधाच्या चहातली साखर काढली की आईचा मान गेल्यासारखा वाटायचा. या चहाला तिच्याकडे रीतच नव्हती, म्हणून अपमानही नव्हता. सुरुवातीला ती त्यात गोड पानाचा एक तुकडा टाकी, मग तोही सुटला. नंतर बडीशेपेचे चार दाणे तोंडात टाकले की झालं. दुपारी चारला दोघी गॅलरीत बसत. वारा तळोज्याकडून आला की कारखान्यांचा वास येई. हमीदाबाई नाकाला ओढणी लावत आणि आई म्हणे, आमच्याकडं गळिताच्या दिसात मळीचा वास ह्याच्यापेक्षा वाईट, ह्याला काय घाबरायचं.

जखम हळूहळू भरली. पाय राहिला. म्हटल्याप्रमाणे आई त्याच पायांनी गावाला गेली, सणासुदीला राहिली आणि दर वेळी परत आली. गावात चहा आला की म्हणायची, "माझा वेगळा असतोय," आणि पदराच्या गाठीतली पुडी सोडायची. लेकीच्या दारात राहायचं नसतं, हे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली आणि शेवटपर्यंत राहिली. यासाठी कुणाचे आभार मानायचे हे मला ठरवता येत नाही. थोडे बाईंचे, थोडे या शहराचे, बरेचसे तिच्या पायाचे.

ती गेली तेव्हा दादा म्हणाला, दहावा गावी, कृष्णेवर करू. पण तिने वहिनीलाच सांगून ठेवलं होतं, जितं जाईन तितंच करा. मग गाव पनवेलला आलं. गाढी नदीच्या काठी पिंड मांडले. तिच्या आवडीचं म्हणून वहिनीने तिच्या पद्धतीने उकळलेला, साखरेचा दाट चहा एका कपात ठेवला. हमीदाबाई थर्मास घेऊन आल्या होत्या. त्या लांब उभ्या राहिल्या, मी त्यांच्याकडून कप घेऊन शेजारी ठेवला.

कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. दादाने हात जोडून वचनं दिली. शेताचं, वहिनीचं, शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला एकटी सोडनार न्हाई." तेव्हा एक कावळा उतरला. त्याने हिरव्या चहाचा कप पायाने कलंडवला आणि सरळ साखरेच्या चहात चोच घातली.

मग लांबून हमीदाबाईंचा भरलेला आवाज आला, "पिऊ द्या हो. आता तिथे कोण शुगर तपासतंय!"

दादा आधी हसला. हसता हसता खाली बसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला. आम्ही सगळेच.

मागच्या वर्षी दादालाही साखर निघाली. माझ्याकडून जाताना वहिनी हिरव्या चहाचा डबा घेऊन गेली. तिकडे राहिलेल्या आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्या तुम्हा सगळ्यांना घर कुठलं असं कुणी विचारत असेल, तर तुम्ही काय सांगता, मला माहीत नाही. माझ्याकडे दुपारी चारला फोन वाजतो. वहिनी विचारते, "गॅस बंद केलाय. आता किती थांबू?" तिला ते पाठ आहे, तरी विचारते.

"तुळशीला पाणी घालून या," मी सांगते.

ती फोन ओट्यावर ठेवते. मागच्या दाराची कडी वाजते, अंगणात तांब्या लागल्याचा आवाज येतो. ती परत येईपर्यंत मी फोन कानाला धरून आमच्या गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालते.