अठरावी खूण

२२ जून १९९६ रोजी गिर्यारोहक मंडळाने इझिडोर झुपिनला रंग आणि ब्रशांसाठी ५,७६० टोलार दिले. त्यात लाल रंग एक लिटर, पांढरा एक लिटर, राखाडी अर्धा लिटर आणि दोन ब्रश एवढं सामान आलं. पैसे बरोबर पुरले. रंगही पुरला. कमी पडली ती एक कोरडी दुपार.

इझिडोर तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. एकतीस वर्षं खोऱ्यातल्या लोकरीच्या गिरणीत, रंगखात्यात काढून तो निवृत्त झाला होता. गेली बावीस वर्षं त्याचे शनिवार-रविवार व्रान्या पेच या डोंगराच्या वाटांवर जात होते. लाल वर्तुळ आणि मध्ये पांढरा ठिपका, ही आमच्याकडची वाटेची खूण. दगडावर, झाडावर, कड्याच्या कोपऱ्यावर ती दिसली की माणूस पुढे पाऊल टाकतो, विचार करत नाही. हे काम फुकट करायचं असतं आणि त्याचं कौतुकही कोणी करत नाही. लग्न त्याने केलं नव्हतं. त्याचा मित्र फेलिक्स म्हणायचा, ज्याच्या नखातला लाल रंग बारा महिने निघत नाही त्याला मुलगी कोण देणार, खाटीक समजतील.

फेलिक्स गोर्यान हा सहासष्ट वर्षांचा निवृत्त पोस्टमन. दोघं तरुणपणी एका दोराला बांधून चढले होते. एकोणसत्तर साली कड्यावर वादळात अडकून दोघांनी रात्र काढली, आणि ती हकीकत फेलिक्स मंडळाच्या प्रत्येक मेळाव्यात सांगायचा. पहिल्या वर्षी वीज त्यांच्यापासून शंभर मीटरवर पडली होती. पंचवीस वर्षांत ती सरकत सरकत त्याच्या टोपीपर्यंत आली होती. इझिडोर कधी दुरुस्ती करायचा नाही. नुसता मान डोलवायचा, आणि साक्षीदारच मान डोलवतोय म्हटल्यावर लोक हसायचे.

त्या वर्षी वसंतात घळीच्या तोंडाशी दरड कोसळली आणि जुनी वाट तुटली. इझिडोरने वरून, लार्चच्या झाडीतून नवी वाट काढली. जिथे दोन्ही वाटा फुटतात तिथे घोड्याएवढा एक धोंडा आहे. धोंड्यापासून घळीपर्यंत जुन्या वाटेवर अठरा खुणा होत्या.

नियम असा की आधी जुन्या खुणा राखाडी रंगाने झाकायच्या, मग नव्या काढायच्या. इझिडोरने उलट केलं. नवी वाट त्याची स्वतःची होती, तिच्यावर पहिली खूण काढायचा मोह त्याला आवरला नाही. नव्या खुणा संपवून तो घळीकडून मागे येत जुन्या झाकू लागला. सतरा झाल्या आणि पाऊस आला. अठरावी धोंड्यावरची. ओल्या दगडावर रंग धरत नाही. त्याने फांद्या तोडून जुन्या वाटेवर आडव्या टाकल्या आणि तो उतरला.

संध्याकाळी त्याने मंडळाच्या कामाच्या वहीत लिहिलं: जुन्या खुणा १८, झाकल्या १८. पुढच्या शनिवारी ती एक उरकायचीच होती, मग दोनदा काय लिहायचं. पुढच्या शनिवारी पाऊस होता. त्यानंतर गुडघा धरला. मग बहिणीकडे गवताची कापणी निघाली. लिहिलेलं काम हळूहळू झालेलं वाटू लागतं, आणि ऑगस्टअखेर इझिडोरलाही ते झालेलंच वाटत होतं.

१४ सप्टेंबरला, शनिवारी, हंगामाचा शेवटचा मेळावा होता. डोंगरावर मंडळाचं मुक्कामघर आहे, तिथे सगळे आपापल्या वाटेने पोहोचतात, बार्लीचं सूप पितात आणि वर्षभरातल्या चढाया एकमेकांना ऐकवतात. इझिडोर पलीकडच्या कुरणातून दहा वाजता वर आला. अकरापासून धुकं दाटलं. एक वाजला तरी फेलिक्स आला नव्हता.

उन्हाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ही त्याची वर्षातली पहिली चढाई होती. सुरुवातीला थट्टाच चालली. कोणी म्हणालं, वीज शोधत बसला असेल. मग एकजण उशिरा येऊन टेकला आणि त्याने सांगितलं की आठ वाजता शेवटच्या शेतघरापाशी, म्लाकारकडे, फेलिक्स भेटला होता. दूध पीत होता. नवी वाट सापडेल ना, असं विचारल्यावर म्हणाला होता की इझिडोरच्या खुणा आहेत, डोळा नसला तरी चालेल.

तिथून वर यायला तीन तास लागतात. फेलिक्सला निघून पाच तास उलटले होते.

मंडळाच्या अध्यक्ष लुडविका रांट, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, यांनी टेबलावरची ताटं सारून नकाशा पसरला. खाली बचाव पथकाला बिनतारी निरोप गेला, पण धुक्यात हेलिकॉप्टर येणार नव्हतं. बाईंनी माणसं वाटली. चौघं कड्याच्या धारेवर, चौघं झऱ्याकडे.

"आणि जुनी वाट?" कोणीतरी विचारलं.

"ती पूर्ण झाकली आहे," बाई म्हणाल्या. "वहीत नोंद आहे. अठराच्या अठरा. हो ना रे इझिडोर?"

एक पस्तीस झाले होते. इझिडोरच्या डोळ्यांपुढे तो धोंडा आला, त्यावरची खूण आली. त्र्याण्णव साली त्यानेच ती नव्याने रंगवली होती, लालभडक. एकच वाक्य बोलायचं होतं. पण खोलीत बावीस माणसं होती, आणि ती सगळी बावीस वर्षं त्याच्या हातावर विश्वास टाकून चालली होती.

"हो," तो म्हणाला.

मग म्हणाला की नव्या वाटेने मी खाली बघून येतो. धुक्यात एकट्याने जायचं नाही, असं बाईंनी बजावलं. तो तोवर दाराबाहेर पडला होता. दोर भिंतीवरच्या खुंटीला होते. एक उतरवला असता तर कोणीतरी विचारलं असतं, नव्या वाटेला दोर कशाला.

उतरताना तो मनाशी घोकत होता की फेलिक्स लार्चच्या झाडीत बसला असेल, दम खात, शिव्या देत. झाडीत कोणी नव्हतं. धोंड्यापाशी आला तेव्हा त्याने टाकलेल्या फांद्या जागेवर नव्हत्या, कुणा गुराख्याने जळणाला नेल्या असाव्यात. लार्चवरची नवी खूण वीस पावलांवर होती आणि धुक्यात दिसत नव्हती. धोंड्यावरची तेवढी दिसत होती. चिखलात बुटाचा एक ताजा ठसा जुन्या वाटेकडे वळला होता.

तो पळत सुटला. दरडीच्या काठाशी थांबून त्याने हाक मारली. तीनदा काहीच आलं नाही. चौथ्यांदा खालून आवाज आला.

"इझा, तू का?"

"मीच."

"उशीर केलास. सूप संपलं असेल."

फेलिक्स पंधरा-वीस मीटर खाली, घसाऱ्याच्या मधोमध एका खडकाला अडकला होता. धुकं विरळ व्हायचं तेव्हा त्याची निळी बंडी दिसायची. इझिडोरने उतरायचा प्रयत्न केला. पहिल्याच पावलाला दगड सुटले आणि फेलिक्सच्या बाजूने गडगडत घळीत गेले. तो मागे सरकला. पुन्हा दुसऱ्या बाजूने पाहिलं. तिकडेही तेच.

"नको," फेलिक्स म्हणाला. "तू दगड पाडून मारशील मला. दोर टाक."

"दोर नाही आणला."

फेलिक्स म्हणाला, पोटात काहीतरी झालंय, पाय हलत नाहीत, आणि थंडी फार आहे. अकराच्या सुमाराला पडलो असेन.

"खुणेवरूनच आलो रे मी. धोंड्यावर तुझी खूण होती. पुढे दिसेनाशा झाल्या. म्हटलं, माझा डोळाच गेला कामातून. म्हणून चालत राहिलो."

इझिडोर काठावर पालथा पडला होता. हात दगडात रुतवून तो म्हणाला, "डोळा ठीक आहे तुझा. पुढच्या मी झाकल्या होत्या. धोंड्यावरची राहिली."

"राहिली म्हणजे?"

"पाऊस आला. वहीत झाकली म्हणून लिहिलं."

"वर सगळ्यांना माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे इकडे कोणी येणार नाही."

"नाही."

फेलिक्स खोकला. "मग जा ना गाढवा, सांग त्यांना," तो म्हणाला. आणि इझिडोर उठला तसा त्याचा आवाज बदलला. "थोडा थांब. दोन मिनिटं थांब इथे."

इझिडोर थांबला. दोनाऐवजी पाच मिनिटं थांबला. आपली बंडी काढून त्याने खाली फेकली, ती फेलिक्सपासून हातभर अंतरावर पडली आणि त्याला ती घेता आली नाही. मग तो निघाला. चढाला पन्नास मिनिटं लागली. वाटेत तो दोनदा पडला आणि एकदा रडला, पण थांबला नाही.

मुक्कामघरात धारेवरची आणि झऱ्याकडची माणसं रिकाम्या हाताने परतली होती. दारातच, सदरा घामाने चिकटलेला, इझिडोरने सगळं सांगितलं. फेलिक्स कुठे आहे ते आधी, खूण आणि वही नंतर. तीन पन्नास झाले होते. दोघांनी खुंटीवरचे दोर घेतले, बाईंनी स्ट्रेचर काढायला सांगितलं. इझिडोर पुढे वाट दाखवायला निघाला तेव्हा बाई फक्त म्हणाल्या, "अंगात काही घाल," आणि आपला स्वेटर त्याच्याकडे टाकला.

फेलिक्सला घसाऱ्यातून काढायला सहा वाजले. तेव्हा तो शुद्धीवर होता, पण बोलत नव्हता. स्ट्रेचरची डावी मागची मूठ इझिडोरने सबंध उतारभर सोडली नाही. पाळी बदलायला कोणी आलं की तो मान हलवायचा. म्लाकारने ट्रॅक्टर कुरणाच्या टोकापर्यंत आणला होता. डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. इस्पितळ अडतीस किलोमीटरवर आहे. फेलिक्स बावीस किलोमीटर जगला.

डॉक्टरांनी सांगितलं की आत रक्तस्राव झाला होता, आणि थंडीने उरलंसुरलं बळ नेलं. इझिडोरने विचारलं, दोन तास आधी आणला असता तर? तरुण डॉक्टर होता. वाचला असता असं तो म्हणाला नाही, नसता असंही म्हणाला नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि फॉर्ममध्ये वेळ लिहिली. एक पस्तीस ते तीन पन्नास म्हणजे दोन तास पंधरा मिनिटं होतात. हा हिशेब इझिडोरला कोणी करून दाखवला नाही. तशी गरजही नव्हती.

अंत्यविधीला मंडळ सगळं आलं. फेलिक्सची मुलगी मारिबोर शहरातून आली होती. इझिडोर तिच्याजवळ गेला आणि दारात सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने, तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, बाबा काय बोलले. तो म्हणाला, दोन मिनिटं थांब म्हणाले. ती वळून गाडीकडे गेली.

मंडळात त्याला कोणी दोष दिला नाही. तेच त्याला सोसेना. बैठकीत बाईंनी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने अठरावर रेघ मारली, सतरा लिहिलं, खाली सही केली आणि ब्रश टेबलावर ठेवून दिले. राहू दे तुझ्याकडे, असं बाई म्हणाल्या. तो म्हणाला, नको. व्रान्या पेचच्या खुणा आता मंडळातल्या झाल्निकांची सून काढते. नीट काढते.

वर जाणाऱ्या सगळ्या वाटा म्लाकारच्या अंगणावरून जातात, त्यामुळे इझिडोर तिकडे फिरकत नाही. त्या दिवशीच्या ट्रॅक्टरच्या डिझेलचे आठशे टोलार मंडळ देणार होतं. मी देतो, असं त्याने सांगितलं होतं. ते म्लाकारला अजून मिळालेले नाहीत.