गव्यांची पट्टी

भावाचा गावाहून फोन आला. गवे नाचणी तुडवतात म्हणून सरकार त्यांना गोळ्या घालणार, आणि ग्रामसभेत सगळे हो म्हणणार आहेत. इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभ्या उभ्या माझं डोकं फिरलं. आमचे बाबा नाचणीची रानाकडची पट्टी कधी कापत नसत, ती गव्यांची. संध्याकाळी कळप खाली उतरला की आम्ही पडवीतून श्वास रोखून बघायचो. अजूनही ती वेळ झाली की मला इथे करमत नाही. आता ते रान तोडून रबर लावलंय, मग गवे जाणार कुठे?

"माझ्या वाटणीची जमीन त्यांना सोड," मी म्हणालो. "सभेत तसं सांग."

"तूच येऊन सांग," भाऊ शांतपणे म्हणाला. "तुझ्या जमिनीत ते रोज येतात. तू येत नाहीस."