एक अर्धवट जळालेली फळी

आमच्या घरात एक जुनी गादी आहे, तिच्यात कापसाचे गोळे झालेत. बायको दर दिवाळीला म्हणते, ही गादी भंगारात द्या, नाहीतर मला माहेरी पाठवा. मी काहीतरी सबब काढतो. कधी म्हणतो कापूस जुन्या काळचा, आता असा मिळत नाही. कधी म्हणतो मला कडकच लागते. दोन्ही खोटं आहे. रात्रभर पाठीला गोळे टोचतात आणि सकाळी उठताना मी म्हाताऱ्यासारखा कण्हतो. पण ती गादी मी टाकू शकत नाही, आणि का ते आजवर मी तिलाही धड सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही अंधेरी पूर्वेला एका चाळीत राहायचो. मी एका कंपनीत कारकून होतो. माझं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, असं सगळे म्हणायचे आणि मला ते खरंही वाटायचं. गावाकडची पत्रं, रेशनकार्डाचे अर्ज, लग्नाच्या याद्या, सगळं माझ्याकडे यायचं. आईला या कौतुकाचा वैताग होता. ती मालवणकडची, तोंडाची फटकळ. "अक्षर बरा आसा, पण ता मीठ लावन खातलंस काय?" असं ती पाहुण्यांसमोर विचारायची.

या अक्षरामुळेच मी पोलिसांचा ठरलेला पंच झालो होतो. सायकल चोरीला गेली, कुणाचं घर फुटलं, की जागेचा पंचनामा करायला दोन प्रतिष्ठित माणसं लागतात. आमच्या चौकीतल्या हवालदारांचं अक्षर कोंबडीनं पाय दिल्यासारखं. मग ते मला बोलावून घ्यायचे, शेजारी उभे राहून सांगायचे आणि मी लिहायचो. 'आम्ही खालील सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की...' हे वाक्य लिहिताना माझी छाती फुगायची. सरकारी कागदावर आपलं अक्षर राहणार, याचं मला भारी अप्रूप होतं.

चाळीच्या तोंडाशी एका पिंजाऱ्याचं दुकान होतं. सातारकडचा माणूस, मुसलमान, वीस वर्षं त्याच खोलीत गाद्या भरत होता. दर वैशाखात सगळी चाळ गाद्या उसवून अंगणात आणायची, आणि तो वडिलांची पिंजण घेऊन बसायचा. दिवसभर तिची तार वाजत राहायची. कापूस त्याच्या भुवयांवर, मिशांवर बसायचा आणि आई त्याला म्हणायची, "तू जल्मापासून म्हातारोच." आम्ही सगळे त्याच्या हातच्या गाद्यांवर झोपायचो. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यानं एक नवी गादी भरून दिली. मघाशी सांगितली ती हीच.

त्या वर्षी शहरात दूर कुठेतरी दंगल पेटली होती. आमच्याकडे पार्ल्याच्या बाजूनं वारा आला की बिस्किटांचा गोड वास यायचा, लोक नळावर भांडायचे, सगळं नेहमीसारखं होतं. एका बुधवारी सकाळी मात्र पिंजाऱ्याच्या दुकानावर काळ्या रंगानं काहीतरी लिहिलेलं दिसलं. ते जुन्या पद्धतीचं दुकान, शटर नाही, एकाशेजारी एक अशा लाकडी फळ्या सरकवून बंद करायचं. मधल्या फळीवर अक्षरं होती. पिंजारी शाळेत गेलेला नव्हता. त्यानं मला हाक मारली.

"दादा, हे काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. त्याच्या धर्मावरून एक घाणेरडी शिवी होती आणि खाली, 'गल्ली सोडा'.

तो चौकीवर गेला. हवालदार म्हणाले, रॉकेलच्या बोळ्यानं पुसून टाक, पोरांचा चावटपणा असतो. पण त्यानं पुसलं नाही. "पुसलं तर काय झालंच न्हाई म्हनतील," एवढंच तो मला म्हणाला. तो माझ्याहून शहाणा होता.

त्याला जे सांगितलं नाही ते इथे सांगतो. ते अक्षर मी ओळखलं होतं. अक्षरांचा नाद असलेल्या माणसाला ते लपत नाही. 'ग'चा काना खाली आत वळवायची ती सवय आमच्याच गॅलरीत, तीन दारं सोडून राहणाऱ्या माझ्या मित्राची होती. गणपतीचे बोर्ड तोच रंगवायचा. रविवारी आम्ही एकत्र कॅरम खेळायचो. मी स्वतःला म्हटलं, रागाच्या भरात लिहिलं असेल, उगाच कशाला.

शुक्रवारी दुपारी पिंजारी फळ्या लावून नमाजाला गेला आणि दुकान पेटलं. आत कापूस, म्हणजे विचारायलाच नको. भर दुपारी, सगळ्या चाळीची दारं उघडी असताना, कुणालाही काही दिसलं नाही. तो धावत आला तो थेट आगीत घुसला, वडिलांची पिंजण काढायला. पिंजण वाचली नाही आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तासाभरात हवालदार माझ्या दारात उभे होते.

मी प्रामाणिकपणे लिहायला बसलो, हे खरं आहे. जळका कापूस, कोपऱ्यात उलटा पडलेला स्टोव्ह, कोळसा झालेली पिंजण. मधली फळी वरून जळली होती, पण अक्षरं शाबूत होती. मी लिहिलं, 'सदर फळीवर काळ्या रंगात पुढील मजकूर दिसून येतो', आणि मजकूर जसाच्या तसा उतरवला. कुणाचं अक्षर ते लिहिलं नाही. तेवढी माझ्यात धमक नव्हती.

मग चौकीचे साहेब आले. उंच, शांत, दमलेले. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "वा. काय अक्षर आहे हो तुमचं." मग त्या ओळीवर बोट ठेवलं. "एवढी ओळ काढा."

मी म्हटलं, "पण साहेब, ते लिहिलेलं आहे ना तिथे."

"आहे. पण माझ्या हद्दीत काही नाही असं मी सकाळीच वर कळवलंय. हे कागदावर आलं की तुमच्या चाळीतली दहा पोरं उचलावी लागतील. मग त्यांच्या आया तुमच्याच दारात येऊन बसतील. चालेल?" ते आवाज न चढवता बोलत होते. "स्टोव्ह आहे, कापूस आहे. अपघाती जळीत म्हणून घ्या. त्यालाही त्रास नाही, तुम्हालाही नाही."

मला कॅरमचा मित्र आठवला, त्याची आई आठवली. मी मान हलवली.

हवालदार म्हणाले, त्या ओळीवर नुसती काट मारा आणि बाजूला सही करा. तसं केलं असतं तर ती ओळ काटेखाली वाचता आली असती. पण माझ्या कागदावर खाडाखोड? मला ते बघवेना. मी म्हटलं, थांबा, स्वच्छ प्रत करून देतो. कुणीही सांगितलं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरेख लिहून काढलं, 'स्टोव्हचा भडका होऊन' असं घातलं, आणि फळीच्या जागी लिहिलं, 'एक अर्धवट जळालेली लाकडी फळी'. हवालदारांनी पहिला कागद फाडून खिशात घातला. ती फळी त्यांनी दुकानामागे पत्र्याखाली टाकली, अक्षरं भिंतीकडे करून.

पुढच्याच आठवड्यात चाळीत शांतता समिती भरली. सतरंज्या, चहा, ग्लुकोजची बिस्किटं. साहेबांचा हार घालून सत्कार झाला, कारण आमच्या भागात काही घडलं नव्हतं. त्यांच्या डोक्यावर फळा टांगलेला होता आणि त्यावर खडूनं लिहिलं होतं, 'गल्लीतील सर्व रहिवाशांनी उपस्थित राहावे'. 'ग'चा काना आत वळलेला. लिहिणारा चहाचे कप फिरवत होता. मला देताना तो म्हणाला, "काय रे, बरं नाही का? असा काय बघतोस?" मी चहा प्यायलो. तो चहा मला अजून आठवतो, फार गोड होता.

महिना उलटल्यावर पिंजारी आला. दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले. काखेत पंचनाम्याची नक्कल धरलेली.

"दादा, तेवढं वाचून दावा. खोलीचा मालक म्हनतो तुज्या स्टोव्हनं आग लागली, खोली खाली कर. परवा मोठ्या साहेबांच्या कचेरीत बोलावलंय, मला नि त्याला. फळीवरचं ह्यात आलंय न्हवं?"

माझं स्वतःचं अक्षर माझ्यापुढे होतं. झेरॉक्स नकलेवरसुद्धा ते देखणं दिसत होतं.

"नसंल तर सांगा," तो म्हणाला. "फळी हाय अजून पत्र्याखाली. तीच उचलून नेतो साहेबाम्होरं."

त्या क्षणी खरं सांगायला मला किती वेळ लागला असता? पण आई मोरीत होती, मित्र गॅलरीत दाढी करत होता, आणि माझ्या तोंडून आलं, "आहे. आलंय त्यात." आणि मग मी कागद समोर धरून वाचायला लागलो. 'सदर फळीवर काळ्या रंगात पुढील मजकूर दिसून येतो.' फाडलेली ओळ मला पाठ होती. मी एकही शब्द न अडखळता वाचली. त्याचा चेहरा सैल झाला. आई बाहेर आली, तिनं त्याला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं, आणि तो फळी तिथेच ठेवून गेला.

कचेरीत कागद मोठ्यानं वाचला गेला, तेव्हा त्याला कळलं. तो तसाच धावत परत आला, पण पत्र्याखाली फळी नव्हती. पाऊस लागला होता, लाकडं ओली होती. कुणाच्या तरी बंबात ती गेली होती आणि त्या पाण्यानं कुणीतरी अंघोळ केली होती. कुणाच्या, ते मी विचारलं नाही. आमच्याही घरी बंब होता.

खोली गेली. गावी जायच्या दिवशी तो निरोप घ्यायला प्रत्येक दारात गेला, आमच्याही आला. आईला हे काहीच माहीत नव्हतं, ती रडली.

"दादा," तो म्हणाला, "कचेरीत मोठ्या साहेबांनी खाली पंच म्हनून तुमचं नाव वाचलं. साहेब म्हनले, अक्षर लई सुंदर हाय. मी म्हनलं, व्हय, आमच्या दादाचं हाय."

हे तो टोचून म्हणाला, की वीस वर्षांच्या सवयीनं कौतुकानं म्हणाला, हे मला आजवर कळलेलं नाही. रोज रात्री दिवा मालवला की मी त्याचा आवाज आठवून बघतो.

मग त्यानं आत येऊन माझ्या गादीवर कोपरानं दाब दिला. हात चालत नव्हते. "नवी हाय तवर ठीक. दोनतीन उन्हाळ्यांनी पिंजून घ्या कुनाकडून तरी," तो म्हणाला, "न्हाईतर गोळे होतील."