पांढरी दोनचा सा

आत्याबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये फळ्यावर गणित अर्धवट सोडून उभा होतो. "माँ चली गई," आतेभाऊ मनीष म्हणाला, आणि मी विचारलं, "कुठं?" इतका बावळट प्रश्न माझ्या तोंडून कसा निघाला, देव जाणे. तेरवी होऊन आता काही आठवडे झाले, तरी डोक्यातला गोंधळ काही निवळत नाही. त्यातला निम्मा गोंधळ तर आत्याबाईच मागे ठेवून गेल्यात...

सेक्टर सहाला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होत्या तेव्हा त्या भजनी मंडळात पेटी वाजवायच्या. शेजारचं कुटुंब केरळला परत जाताना आपला जुना पियानो त्यांच्याकडे सोडून गेलं. आत्याबाई पहिल्यांदा त्यावर बसल्या, उजवा हात पट्ट्यांवर, आणि डावा हात हवेत भाता मारतोय! त्यांचे यजमान पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर कामाला होते; हिंदीच्या संगतीनं आम्ही त्यांना फूफाजी म्हणतो. ते हसून हसून बेजार. "अवो, हवा कोणाले घालून राहिली?" आत्याबाई फणकारल्या, "हसा. त्या हाताले काम नाई, म्हणून भटकून राहिला."

शेजारणीनं जाता जाता त्यांना एक गोष्ट शिकवली होती. वाजवायच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या, पण सा धरायचा दुसऱ्या पांढरीवर. पेटीवाले तिला पांढरी दोन म्हणतात. "ती याले डोरियन म्हने. आपल्या भजनातला काफीच होय," आत्याबाईंचा निकाल. मी गणिताचा माणूस, मला हे पटेना. सात पट्ट्या त्याच, मग कुठूनही निघा, फरक पडायचं कारण काय? मी वाजवलं की शाळेतलं सारेगम मधूनच सुरू केल्यासारखं वाटे. त्या वाजवीत तेव्हा मात्र त्याच पट्ट्यांतून काहीतरी निराळंच निघे, उदास म्हणावं तर उदासही नाही. "कसं काय?" म्हणून मी वाद घातला, तर म्हणाल्या, "मले तरी कुठं समजते? पन होते."

फूफाजी रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, पियानो मेटाडोरमधून कोहका वस्तीतल्या त्यांच्या स्वतःच्या घरी आला. तोवर डाव्या हाताला काम मिळालं होतं. पेटीवर सा दाबून ठेवला की भाता आहे तोवर तो बोलत राहतो. पियानोचा सूर एकदा वाजतो आणि विरत जातो. म्हणून आत्याबाई डाव्या करंगळीनं खालचा सा वाजवीत, तो विझायच्या आत पुन्हा वाजवीत, आणि उजवा हात वर हवा तिकडे भटके. संध्याकाळी हे सुरू झालं की फूफाजी उठून चहा मांडायचे आणि त्यांचा कप पियानोवर आणून ठेवायचे. हा त्या घरचा नेमच होता.

शेवटची भेट त्याच पियानोच्या खोलीतली. "वाजव," म्हणाल्या. मी पट्ट्यांवरून वर गेलो, खाली आलो. त्यांनी मान हलवली. "तू सा सोडून देऊन राहिला."

"सुरुवात तर तिथूनच केली ना!"

"सुरुवात करून काय होते? त्याले ऐकत राहा लागते."

मी रविवारी परत येणार होतो... रविवार आला, पण त्या नव्हत्या.

परवा मनीष म्हणाला, पियानो चर्चला द्यायचं ठरलंय, उद्या गाडी येईल. मला एकदम भीती वाटली. हे कळायचं राहिलं ते आता कायमचंच राहणार. संध्याकाळी कोहक्याला गेलो. फूफाजी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. तेरवीपासून स्वयंपाकघरात त्यांचं पाऊल पडलेलं नव्हतं. मी बसलो. डावी करंगळी पांढरी दोनवर. वाजवलं, विझू लागलं, पुन्हा वाजवलं. उजव्या हातानं त्याच सात पट्ट्या... आणि तो निराळा सूर खोलीत आला. का आला, आजही सांगता येणार नाही.

आत भांडं वाजलं. गॅस पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं फूफाजी दारात उभे, हातात दोन कप. माझ्याकडे बघत राहिले.

"तू होय काय..."

मी हात उचलला. सा विरत चालला होता.

"थांबू नको," ते म्हणाले, आणि दुसरा कप रोजच्या जागी, पियानोवर ठेवला.